तीन आठवडे आधी, तीन आठवडे नंतर

आमच्या साहेबांना माणसांचा राग नव्हता, पण माणसांत बघण्यासारखं काही असतं असंही त्यांना कधी वाटलं नाही. माणूस भेटला की ते बोलत, पण नजर त्याच्या खांद्यावरून मागच्या गोठ्याकडे. मागे गोठा नसला तर बोलणं लवकर संपायचं. दूध संघात ते पशुवैद्यकीय विभागाचे प्रमुख होते, म्हणून सगळे त्यांना साहेब म्हणत. पाठीमागे जे म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी त्यांच्या हाताखालचा डॉक्टर. अकरा वर्षं काढली. त्यातली दहा त्यांना हसण्यात गेली आणि अकराव्या वर्षी माझं मलाच हसू येईनासं झालं.

आमचा संघ तसा लहान. कोल्हापुरात दुधाची सत्ता ज्यांच्याकडे आहे त्यांच्या पंगतीत आम्हाला कुणी पाट मांडत नाही. पण अध्यक्ष आहेत, अध्यक्षांची उंच गाडी आहे, जिन्यात, सभागृहात आणि औषधांच्या खोलीतही अध्यक्षांचा फोटो आहे. म्हणजे संघाला लागतं ते सगळं आहे. राहिल्या गाई, त्या सभासदांच्या गोठ्यात होत्या, आणि त्या आजारी पडत म्हणून आम्ही होतो.

साहेबांच्या लेखी गाईच्या वर्षात लक्ष देण्यासारखा काळ दीड महिन्याचा. व्यायच्या आधीचे तीन आठवडे आणि व्यायल्यानंतरचे तीन आठवडे. "बाकीचं वर्षभर गाईला डॉक्टर लागत न्हाय," ते म्हणत, "मालकाला लागतो." हे ते मालकासमोरच म्हणत. मग गव्हाणीच्या कडेवर बूड टेकवून त्यांचं व्याख्यान सुरू व्हायचं. मला ते इतकं पाठ झालं होतं की साहेबांना खोकला लागला तर मी पुढचं वाक्य म्हणायचो.

"गाईच्या रक्तात शिपाई असतात. रोग आत शिरला की धरायचा आणि मारायचा, हे त्यांचं काम. वर्षभर बिचारे इमानानं पहारा करतात. पण गाय व्यायला टेकली की अंगातलं सगळं बळ वासराकडं आणि कासेकडं पळतं. खाणं कमी होतं. व्याली की कॅल्शियम दुधात उतरतं. शिपायांना भाकरी कोण घालणार? ते काठीला टेकून डुलक्या घेतात. आणि नेमकं त्या वेळी तुम्ही सड न धुता धार काढता, ओल्यात गाय बांधता, आणि म्हणता, साहेब, दगडी कशी झाली?" दगडी म्हणजे कासेचा आजार; कास खरोखरच दगडासारखी होते.

मालक सगळं ऐकून घ्यायचा. मान हलवायचा. मग म्हणायचा, "ते समदं खरं हाय साहेब, पर एक सुई मारा की."

आपल्याकडे डॉक्टर म्हणजे सुई. जाड सुई म्हणजे मोठा डॉक्टर. बाटली उलटी टांगून सलाइन लावलं तर तो देवमाणूस. साहेब सुई मारत नसत असं नाही, पण आधी अर्धा तास नुसते गाईकडे बघत उभे राहत. ती कशी खाते, रवंथ करते का, शेण कसं टाकते, कुठला पाय उचलते. गावोगावी त्यांची ख्याती 'बघणारा डॉक्टर' अशी झाली होती, आणि ती काही कौतुकाची नव्हती. घाईचं काम असलं की लोक मला हळूच फोन करायचे. मी जायचो, सुई मारायचो, दुवा घेऊन यायचो. गाय बरी व्हायची ती बहुतेक वेळा आपली आपणच. पण दुवा मला मिळालेला असायचा, तो काही मी परत केला नाही.

गाईशी ते आदरानं बोलत. "बाईसाहेब, जरा सरकता का? हां, उपकार झाले." एकदा अध्यक्ष स्वतः एका गोठ्यात फोटोसाठी आले होते, सोबत दोन संचालक आणि फोटोग्राफर. साहेब गाईला तपासत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "अरे, उजेड सोड." अध्यक्ष सरकले. फोटोत अध्यक्षांचा अर्धा हात आणि गाईचं पूर्ण शेपूट आलं.

साहेबांचा मुख्य आग्रह गाय आटवण्याचा. गाभण गाईचे सात महिने भरले की धार बंद करायची, म्हणजे शेवटचे दोन महिने तिला विश्रांती आणि कासेत चांगला चीक साठायला सवड. सांगायला सोपं. पण जी गाय अजून दोन्ही वेळ बादली भरते आहे तिला हात लावायचा नाही, हे शेतकऱ्याला सांगणं म्हणजे त्याच्या ताटातली भाकरी उचलण्यासारखं. साहेब ती उचलत. कसं, तर काव घेऊन. खिशात गेरूचा खडा असायचा. गोठ्याच्या भिंतीवर तारीख आणि त्याखाली वीतभर अक्षरात 'धार बंद'. दिवस कुठला, भिंत कुठली, काही बघायचं नाही. एका घरी लेकीच्या लग्नासाठी ताजा रंग दिला होता. गोठा घराला लागून, दारातच. साहेबांनी सकाळी लिहिलं आणि दुपारी वऱ्हाड उतरलं. वरपित्यानं वाचलं आणि विचारलं, "हितं आंदोलन हाय काय?"

आटवायची गाय जिथे आटवलेली नसेल तिथे ते चहा घेत नसत. "ह्या दुधावर वासराचा हक्क हाय," एवढं म्हणून कप बाजूला ठेवत. कोल्हापूरच्या बाजूला पाहुण्यानं चहाला नाही म्हणणं म्हणजे घरच्या सात पिढ्यांना नावं ठेवणं. ती पुढची पंचाईत निस्तरायला मी असायचो. मी माझा कप प्यायचो आणि साहेबांचाही प्यायचो. दहा वर्षं मी शास्त्राच्या बाजूनं एवढा चहा प्यालो आहे की माझं पित्त कायमचं खवळलं.

शहरातही त्यांना चैन नसे. संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, गवळी समोर धार काढून फेसाळ पेला हातात देतो, माणसं मिशा पुसत उभ्या उभ्या पितात. एकदा काकूंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीनं, हट्ट धरला म्हणून आम्ही तिघं तिथे गेलो. साहेब पेला हातात घेण्याआधी म्हशीच्या मागे गेले. पोट चाचपलं. मग गवळ्याला म्हणाले, "आठवा चाललाय की रं हिचा. अजून पिळतोस?" गवळी म्हणाला, "पावणं, दूध प्या नि वाटंला लागा." साहेबांनी व्याख्यान सुरू केलं. शिपाई आले, डुलक्या आल्या. शिपाई, रोग, पू असे शब्द कानावर पडल्यावर रांगेतल्या चौघांनी पेले खाली ठेवले. पुन्हा काकू त्यांना घेऊन कधी बाहेर पडल्या नाहीत. मला तर गवळ्यानं तोंड पाठ करून ठेवल्यासारखं बघितलं, त्यामुळे मी त्या कट्ट्याच्या बाजूनं अजूनही हेल्मेट घालूनच जातो.

पण साहेबांचा खरा शत्रू म्हणजे खरवस. गाय व्याली की पहिल्या दिवसाचा चीक काढायचा, गूळ-वेलची घालून उकडायचा, देवाला दाखवायचा आणि गल्लीत घरटी एक वाटी द्यायची, ही आपली रीत. ज्याच्या घरून वाटी आली नाही त्याची गाय व्यालीच नाही असं गाव धरून चालतं. साहेबांना खरवसाची वाटी दिली की ते वाटीकडे बघून विचारत, "वासरू जगलंय काय?"

त्यांचं म्हणणं असं, की वासरू जन्मतं तेव्हा त्याच्याकडे स्वतःचा एकही शिपाई नसतो. "निदान उपयोगाचा नसतो," असं ते पुढे घाईनं जोडत, कारण खोटं त्यांना एवढंसंही चालायचं नाही. आई आपले शिपाई चिकातून पाठवते. आणि वासराच्या आतड्याचं दार पहिल्या दोन तासांत सताड उघडं असतं, मग मिटत जातं आणि दुसऱ्या दिवशी बंद होतं. त्यानंतर अमृत पाजलं तरी त्याचं नुसतं शेण होतं. म्हणून पहिला चीक वासराचा, पोटभर. आणि गाईचा सगळा चीक पहिल्याच दिवशी निपटून काढायचा नाही, नाहीतर कॅल्शियम एकदम ओढलं जाऊन गाय बसते ती उठत नाही.

ज्या गाईंना चीक जास्त असे त्यांचा उरलेला ते मागून आणायचे आणि घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात बाटल्या भरून ठेवायचे. प्रत्येक बाटलीवर मालकाचं नाव, गाईचं वर्णन आणि तारीख. कुठे वासराची आई दगावली की साहेब बाटली घेऊन निघाले. काकूंच्या घरात गेल्या वीस वर्षांत आइस्क्रीमला जागा मिळाली नव्हती. एकदा सांगलीहून काकूंची बहीण आली, तिनं कौतुकानं चार बाटल्या वितळवून झकास खरवस केला आणि साहेबांच्या पानात वाढला. साहेब पानावरून उठले नाहीत, ओरडले नाहीत. तीन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत, एवढंच. मेहुणी म्हणाली, फार शांत स्वभाव हो भाऊजींचा.

मला ते 'पोरा' म्हणत. मी चाळिशीला आलो, केस गेले, तरी पोरा. त्यांच्या मनातून उतरलेल्या माणसाला मात्र ते एकच शब्द वापरत, पावणं. आपल्याकडे अनोळखी माणसाला म्हणतात तसं. ज्या मालकाची गाय हलगर्जीनं मेली तो त्या दिवसापासून साहेबांचा पावणा. मग त्याच्याशी दहा वर्षांची ओळख असो.

तर अकरावं वर्ष. साहेबांच्या निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. तीन-चार गावांत त्यांच्या कावेच्या खड्यानं कधी नव्हे तो परिणाम केला आणि एकदम बऱ्याच गाई आटल्या. त्या गावांचं दूध संकलन खाली आलं. वार्षिक सभा तोंडावर आली होती. संकलन वाढलं असं म्हणण्याची अध्यक्षांना सवय होती आणि सवय मोडणं त्यांच्या प्रकृतीला मानवणारं नव्हतं. एका गावच्या संस्थेच्या सचिवानं तक्रार दिली की साहेब चालत्या गाई बंद पाडतात. चौकशी समिती नेमली गेली. तीन संचालक. एकाचा ऊस, एकाचा पेट्रोल पंप, आणि तिसऱ्याच्या घरी मात्र कुत्रं होतं, म्हणून तो जनावरांतला जाणकार.

समितीच्या आदल्या दिवशी अध्यक्षांनी मला गाडीत बसवून घेतलं. "तुमचं साहेब लई हुशार," ते म्हणाले, "पर आता वय झालं. त्येंच्या खुर्चीत कोण बसंल ते आमालाच बघाय पायजे. तुमी उद्या काय सांगताय?" गाडीत गारवा चांगला होता. मी म्हणालो, जे खरं ते सांगीन. आम्हा दोघांनाही त्याचा अर्थ बरोबर कळला.

दुसऱ्या दिवशी साहेब माझ्या समोरच बसले होते. मी म्हणालो, "साहेबांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे, पण व्यवहाराला धरून नाही. शेतकऱ्याचा विचार करता थोडं अतिरेकी वाटतं." वाक्य चांगलं होतं. मी ते रात्रभर घोटलं होतं. त्यात खोटं असं काही सापडत नाही, आणि खरंही मुळीच सापडत नाही. साहेबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, गाईकडे बघतात तसं. मग म्हणाले, "बरोबर बोललात, पावणं."

त्यांना चंदगडकडच्या आमच्या शीतकरण केंद्रावर पाठवलं. तिकडे पाऊस भरपूर, काजू भरपूर, संकरित गाई हाताच्या बोटांवर. काजूच्या झाडाला आटवावं लागत नाही, असं संघात सगळे हसून म्हणाले. मीही हसलो. मी प्रभारी प्रमुख झालो. आणि तीन महिन्यांत त्या आटवलेल्या गाई व्याल्या, निरोगी राहिल्या आणि पूर्वीपेक्षा जास्त दूध देऊ लागल्या. लांबलेल्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी संकलन वाढल्याचं सांगितलं आणि ते नव्या नेतृत्वाचं यश असल्याचं सांगून माझ्याकडे बोट केलं. टाळ्या पडल्या. मी उभा राहून नमस्कार केला.

आमचं गाव शिरोळकडे. तिथे आई एकटी राहते आणि तिची एक काळी-पांढरी गाय. आईनं ही गाय पुरे दोन महिने आटवलेली होती. मी साहेबांच्या तोंडचं वर्षानुवर्षं घरी येऊन सांगायचो, ते ती मनापासून पाळायची. मला बढतीचं पत्र मिळालं त्याच्या पुढच्या रविवारी अध्यक्ष आमच्या घरी जेवायला येणार होते. त्या दिवशी सकाळी मी कोल्हापुरातून निघायच्या तयारीत असताना आईचा फोन आला.

"गाय व्याली. कालवड झालीया. चीक लई दाट हाय बग. कालवडीला किती पाजू?"

मला काय माहीत नव्हतं असं नाही. जिल्ह्यात साहेबांखालोखाल ते मलाच माहीत होतं. मी म्हणालो, "थोडा पाज. अध्यक्षांना खरवस फार आवडतो. बाकी सगळा काढून घे."

"समदा?"

"हो, सगळा. गाडीतनं दहा-बाराजण येतील."

आई "बरं," म्हणाली. "तू डॉक्टर हाईस."

अध्यक्षांनी तीनदा खरवस घेतला. असा खरवस आयुष्यात खाल्ला नाही म्हणाले, आणि ते खरं असणार, कारण इतकी नीट आटवलेली गाय त्यांच्या संघात दुसरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी गाय बसली ती उठेना. कान गार, मान वळवून पोटाशी. मी शिरेतून कॅल्शियम दिलं, तासाभरात ती उभी राहिली आणि मी तिचा फोटो संघाच्या ग्रुपवर टाकला. चाळीस अंगठे आले. तिसऱ्या दिवशी तिला ताप, वार अडकलेली, मागचा एक सड दगडासारखा. कालवडीला पांढरी हगवण लागली. मी सुया मारल्या, जाड सुया, आणि बाटलीही टांगली. कालवड मान टाकत चालली.

आई म्हणाली, "तुज्या साहेबास्नी बोलीव."

मी म्हणालो, ते लांब आहेत, चंदगडला, पाऊस आहे. आई म्हणाली, "फोन तर लाव."

मी लावला. पलीकडून एवढंच विचारलं, "कधी व्याली? पहिला चीक किती पोटात गेला?" मी म्हणालो, थोडा. मग फोन बंद झाला. मला वाटलं, ते येणार नाहीत, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

दुपारी ते आले. तीन एसट्या बदलून, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. माझ्याकडे न बघता गोठ्यात गेले. "बाईसाहेब, लई सोसलं तुम्ही," म्हणाले. मग कालवडीपाशी बसले, तिच्या तोंडात बोट घालून बघितलं, डोळ्याची पापणी ओढून बघितली. त्यांच्या पिशवीत गोठवलेल्या चिकाची एक बाटली होती, फडक्यात गुंडाळलेली. ती त्यांनी बाहेर काढली, हातात धरली आणि परत पिशवीत ठेवली. तिसरा दिवस होता. दार कधीच मिटलं होतं. ते मलाही माहीत होतं आणि त्यांनाही.

ते दोन दिवस आमच्या गोठ्यात उलट्या घमेल्यावर बसून होते. गाईला त्यांनी वाचवलं. एक सड गेला, पण जनावर राहिलं. मी आणि आई पाणी गरम करून देत होतो, सलाइन धरत होतो. माझ्याशी ते कामापुरतं बोलत. "पावणं, दोर." "पावणं, कोमट पाणी." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कालवड गेली. आईनं तिचं तोंड पदरानं पुसलं आणि मग तिला रडू आवरेना. माझ्या आईला मी वडील गेल्यावरही इतकं रडताना पाहिलं नव्हतं.

"साहेब," ती म्हणाली, "माजं कायतरी चुकलं. चीक कमी पडला व्हय तिला?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी घमेल्याकडे बघत होतो. ह्या माणसानं लग्नाच्या घरात भिंतीवर खरं लिहिलं होतं. अध्यक्षांना, गवळ्याला, स्वतःच्या मेहुणीच्या वाटीलाही कधी सूट दिली नव्हती. आता ते तोंड उघडतील आणि आई माझ्याकडे बघेल, ह्या भीतीनं माझे कान तापले.

"न्हाय हो आई," साहेब म्हणाले. "कालवड आतूनच कमजोर हुती. कुणी काय बी केलं असतं तरी ऱ्हायली नसती."

मला सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर वाटली, पण आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच मला आजही जास्त लाज वाटते. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. एसटी लागेपर्यंत ते गाईला पुढचे आठ दिवस काय द्यायचं ते सांगत होते. मी म्हणालो, साहेब, मला तुमच्याशी बोलायचं होतं. ते म्हणाले, "गाडी आली." खरंच आली होती.

पुढे ते तिकडेच निवृत्त झाले. संघानं निरोप समारंभ ठेवला, ते आले नाहीत. हार आणलेला होता, तो वाया जाऊ नये म्हणून अध्यक्षांनी स्वतः घातला आणि साहेबांच्या शिस्तीवर वीस मिनिटं बोलले.

हे सगळं गेल्या वर्षीचं. ह्या महिन्यात आमची गाय पुन्हा व्याली. ह्या वेळी मी आधीपासून रजा टाकून गावी होतो. पहाटे उठून गोठ्यात गेलो तर आई माझ्या आधी तिथे. कास धुतलेली, बादलीत चीक, आणि आई बाटलीत भरून तो नव्या वासराला पाजत होती. एक बाटली संपली, दुसरी भरली. वासरू नाकानं बाटलीला ढुसण्या देत पीत होतं. शेजारची बाई वाटी घेऊन दारात आली होती, तिला आईनं सांगितलं, "उरला तर दीन. आधी ह्येचं."

मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं एवढं पाजायला?"

"तुज्या साहेबांनी. फोनवर. म्हयन्याला एकदा करत्यात. गाईचं इचारत्यात."

मी गव्हाणीच्या कडेवर बसलो. म्हणालो, "मग गेल्या वर्षी कालवड कशानं गेली, तेही सांगितलं असेल."

"न्हाय. मी दोनदा इचारलं. दोन्ही येळंला म्हनले, आतूनच कमजोर हुती." आईनं बाटली थोडी वर उचलली, म्हणजे वासराच्या तोंडात वारा जाऊ नये. "त्या मानसाला खोटं बोलाय येत न्हाय रं. लगीच कळतं. मी तुला फोनवर इचारलं हुतं, तू काय सांगितलंस ते माज्या ध्येनात हाय की. चीक कमी पडला व्हय, असं मी त्यास्नी इचारलं ते तू ऐकावंस म्हनून. तू बोलशील म्हनून. तू बोलला न्हाईस, त्यांनी बोलून टाकलं."

मी गव्हाणीतला कडबा सारखा करू लागलो.

"वरीसभर वाट बगितली," आई म्हणाली.

मग मी सांगितलं. चौकशी समितीपासून, अध्यक्षांच्या गाडीपासून, माझ्या त्या घोटलेल्या वाक्यापासून सगळं. मध्ये आईनं तिसरी बाटली भरली, वासरानं अर्धी पिऊन तोंड फिरवलं, तेव्हा तिनं ती खाली ठेवली. तिनं शिव्या दिल्या नाहीत, रडली नाही. ऐकून झाल्यावर पदराला हात पुसले आणि कमरेच्या पिशवीतला फोन काढला.

"हे मला सांगून काय उपेग," म्हणाली, आणि नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.